शोभेचा अळू

पुण्यातल्या आमच्या घरी कुणी पाहुणे आले की त्यांची नजर पहिल्यांदा हॉलच्या कोपऱ्यात जायची. तिथं पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत एक झाड होतं. हत्तीच्या कानाएवढी पानं, काळपट जांभळे देठ. एका पाहुण्यांनी एकदा विचारलं, "काय सुंदर झाड आहे हो! कुठल्या नर्सरीतून आणलंत?" मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "मोरीवरचा अळू हाय त्यो. आमच्या परसातला."

पाहुणे हसले. मीही हसलो. पण हसता हसता मला थोडी लाज वाटली. ती मोरीची वाटली की कुंडीची, हे कळायला मात्र पुढं बराच काळ जावा लागला.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. पाऊस असा की चार महिने भिंतींना ओल सुटायची नाही. घराच्या मागं परसू, परसात दगडी मोरी, आणि मोरीचं पाणी जिथं जाऊन मुरायचं तिथं अळूचं बन. ते कुणी लावलं, कधी लावलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आजी म्हणायची, "मी नांदायला आले तवा बी हुता." त्याला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. आंघोळीचं पाणी, भांड्यांची राख, तांदळाचं धुवण, सगळं तिकडंच जायचं. माणसं जगत होती आणि त्यांच्या जगण्यातनं जे सांडत होतं त्यावर अळू वाढत होता. तो माजला की आई पानं खुडायची. काळ्या देठाची पानं वडीला, हिरव्या देठाची भाजीला. पानं काढली की आठवड्याभरात नवी सुरळी वर यायची. न काढली तर जुनी पानं पिवळी पडून कुजायची आणि आई म्हणायची, "बगा, खाल्ला न्हाई म्हणून रुसला."

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला आठवत काही नाही, आईकडून ऐकलेलं तेवढंच. घराची मागची भिंत मोरीवर आडवी झाली. माणसं वाचली, घर गेलं. पुढचा पावसाळा आम्ही पत्र्याच्या छपरात काढला. त्या पावसाळ्यात पडक्या भिंतीच्या दगडांमधनं अळूच्या सुरळ्या वर आल्या. आई सांगायची, "घर पडल्याव म्या रडले न्हाई. त्यो अळू वर आलेला बगितला आन् मंग रडले." त्या दिवशी छपरात अळूची भाजी झाली होती.

अळूचा हा चिवटपणा कुठून येतो, तर गड्ड्यातून. वरची पानं गेली तरी मातीखाली गड्डा असतो. त्या गड्ड्याच्या कडेनं लहान लहान अळकुड्या धरतात. एक अळकुडी उचलून दुसरीकडं लावायची, की झाला नवा अळू. आमच्याकडं बी पेरून अळू केलेला मी कधी पाहिला नाही. म्हणजे नीट विचार केला तर हा नवा अळू नसतोच. आजीनं खाल्ला तोच हा, तिच्या सासूनं खाल्ला असेल तोही हाच. माणसं बदलत गेली, अळू तोच राहिला.

२०१३ साली आबा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी आईला पुण्याला आणली. तिची यायची इच्छा होती का, हे मी तिला खरं तर विचारलं नाही. "तू एकटी तिथं कशी राहणार?" एवढं मात्र दहादा विचारलं. हा प्रश्न नसतो, हे आता कळतं. निघताना तिनं एक पातळ, एक चादर, आबांचा फोटो आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला अळूचा गड्डा एवढंच बरोबर घेतलं.

तो गड्डा आम्ही कौतुकानं लावला. आमच्या लेकीला झाडांची हौस. तेव्हा ती कॉलेजात होती. तिनंच ती पांढरी कुंडी आणली. अळूची निगा कशी राखायची ते शोधून काढलं आणि आम्हाला सांगितलं. माती कायम ओली हवी. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं कडक ऊन नको. पानावर धूळ बसू द्यायची नाही. थंडीत वाढ थांबली तर घाबरायचं नाही, गड्डा विसावा घेतोय असं समजायचं. सकाळी पानाच्या टोकावर पाण्याचा थेंब दिसतो, तो दवाचा नसतो, झाडानंच आतून बाहेर टाकलेला असतो. हे शेवटचं ऐकून आई म्हणाली, "मंजी घाम की!" आम्ही सगळे हसलो.

आम्ही त्याला मऊ फडक्यानं पुसत होतो. मापानं पाणी घालत होतो. गावाकडं त्याला जन्मात मिळाली नसेल एवढी सेवा त्याला मिळत होती. तरी देठ बारीक आणि लांबलचक होऊन खिडकीकडं झुकायला लागले. पानं मोठी दिसायची, पण हाताला पातळ लागायची. मूळ रंग उतरला होता. पाहुण्यांना ते कळत नव्हतं. आईला कळत होतं. ती जाता येता देठाला बोटानं चाचपायची आणि काही न बोलता पुढं जायची.

आईची निगाही आम्ही तशीच राखत होतो. सकाळचा चहा हातात. नाश्ता समोर. गोळ्यांची डबी दिवसांच्या नावांची. ती ओट्याशी गेली की माझी बायको म्हणायची, "आई, तुम्ही बसा हो, मी करते." ती झाडू उचलायला गेली की मी म्हणायचो, "आई, तू आयुष्यभर राबलीस. आता आराम कर." यातला एक शब्दही खोटा नव्हता. आम्हाला खरंच वाटत होतं की तिला सुख द्यावं. आणि ती खुर्चीत बसून खिडकीकडं बघत राहायची.

दुसऱ्या वर्षी गणपती बसले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषीपंचमी. आमच्याकडं बायका त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरटीच्या रानातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात हातानं लावलेलं, कुदळीनं खणलेलं, आपसूक उगवलेलं तेवढंच चालतं. भोपळा, भेंडी, दोडका, अळू, अळकुड्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात. बैल वर्षभर आपल्यासाठी राबतो. एक दिवस त्याच्या घामावाचून जगून बघा, असा त्याचा अर्थ मी लहानपणापासून लावत आलो आहे.

त्या संध्याकाळी आरतीला पंधरा-वीस माणसं यायची होती. हॉल सजवला होता. सकाळी उठून बघतो तर कुंडीत एकच पान उभं, तेही कोवळं. बाकीचे पाच देठ बुडातून कापलेले. आई ओट्याशी उभी राहून देठ सोलत होती.

मी ओरडलो. आईवर त्याआधी कधी ओरडलो असेन तर लहानपणी. "अगं आई, शोभेचं झाड आहे ते! बाजारात दहा-वीस रुपयांना जुडी मिळते. मला सांगितलं असतंस तर आणली नसती का?"

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बाजारातला अळू कुणाच्या रानातला, नांगर लागलेला का बिननांगराचा, मला काय ठावं?" मग थोडं थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "शोभंला म्हणतूस. मंग मी आन् ह्यो, दोगं बी शोभंलाच हाय म्हणायचं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो. मी हॉलमध्ये येऊन बसलो. भाजीचा वास घरभर पसरला होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागं लागला. एखाद्याला सांभाळणं म्हणजे नेमकं काय? त्याला जिवंत ठेवणं, स्वच्छ ठेवणं, त्रास होऊ न देणं, एवढं केलं की सांभाळणं पुरं होतं का? आम्ही अळूचं आणि आईचं सगळं केलं होतं. फक्त दोघांकडूनही काही घ्यायचं बंद केलं होतं. आणि ते आम्ही प्रेमानं केलं होतं, म्हणून त्यात काही चुकतंय हे दिसतही नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, उत्तर सोपं आहे. खायचं झाड खाण्यासाठीच असतं, कामाचं माणूस कामानंच बरं राहतं. उपयोग हीच किंमत. पण हे उत्तर मला फार वेळ पचलं नाही. कारण मला आमचा पाखऱ्या आठवला.

पाखऱ्या आमचा बैल. चौदा-पंधरा वर्षं आमच्या रानात राबला. मग त्याचे पाय गेले. व्यापारी दारात आला आणि पैसे मोजायला लागला. गावात बरेच जण म्हातारी जनावरं विकायचे, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. वैरणीची तंगी काय असते ते ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. आबांनी मात्र पाखऱ्याला विकलं नाही. शेजारी म्हणाला, "आबा, वैरण फुकट घालवताय." आबा म्हणाले, "इतकी वर्सं त्यानं घातली, ती काय फुकट हुती?"

आता जर उपयोग हीच किंमत, तर आबा चुकले असं म्हणावं लागेल. आणि उद्या आईचे हातपाय चालेनासे झाले तर तिची किंमत शून्य म्हणावी लागेल. मन हे म्हणायला धजत नाही. म्हणजे ते उत्तर खोटं.

पण आबांचं एक वागणं मी विसरलो होतो, ते या विचारात पुन्हा वर आलं. पाखऱ्याला ते नुसतं दावणीला बांधून वैरण घालत नव्हते. रोज सकाळी दुसरी जोडी रानात निघाली की पाखऱ्यालाही सोडायचे. तो लंगडत लंगडत मागनं यायचा आणि दिवसभर बांधावर उभा राहायचा. दुपारी जोडीला पाणी दाखवलं की त्यालाही दाखवायचे. बेंदराला त्याच्याही शिंगांना रंग लागायचा, आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला. मी एकदा विचारलं, "आबा, ह्याला कशाला रानात न्यायचं? चालवत न्हाई त्याला." आबा म्हणाले, "घरी बांधला तर त्याला कळंल की आपलं संपलं."

तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची भाबडी समजूत वाटली होती. आता वाटतं, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका वाक्यात होतं. उपयोग करून घेणं वेगळं आणि देऊ देणं वेगळं. उपयोग आपण काढून घेतो. त्यात मोजमाप असतं, आणि माप संपलं की नातं संपतं. देणं हे समोरच्याचं असतं. तो जेवढं देऊ शकेल तेवढं द्यायला आपण जागा ठेवायची. औत ओढता येत नसेल तर बांधावर उभं राहू द्यायचं. ही जागा आपण काढून घेतली, मग भले ती मायेनं काढून घेतली असो, की समोरचा दावणीला बांधला जातो.

हवाई बेटांवरच्या लोकांची एक कथा मी पुढं वाचली. त्यांचं पूर्वापार मुख्य अन्न म्हणजे अळूचा गड्डा. ते त्याला 'कालो' म्हणतात. त्यांच्या कथेत एका देवकुळात पहिलं मूल मेलेलं जन्मलं. ते पुरलं तिथून अळू उगवला. त्यानंतर दुसरा मुलगा झाला, त्याला थोरल्याचंच 'हालोआ' हे नाव दिलं. माणसं या धाकट्याची वंशज, म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची आणि थोरल्यानं धाकट्याला जेवू घालायचं. एवढ्या लांबच्या समुद्रातल्या माणसांनी आमच्या मोरीवरचा व्यवहार इतका बरोबर सांगितलेला बघून मला नवल वाटलं. थोरल्या भावाला कुंडीत बसवून पुसत राहायचं आणि त्याच्या हातचा घास मात्र नाकारायचा, याला त्यांनी निगा म्हटलं नसतं.

गणपती गेल्यावर मी कुंडी हॉलमधून उचलली. भांडी घासायच्या मागच्या बाल्कनीत एक जुना पाण्याचा पिंप होता. तो आडवा कापला, बुडाला भोकं पाडली, निम्मं शेणखत घातलं आणि अळू त्यात लावला. तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी आईच नेऊन ओतायची. साबणाचं पाणी तेवढं वर्ज्य. दोन महिन्यांत देठ आखूड आणि जाड झाले, पानांवर मूळचा काळसर रंग चढला. दर पंधरा दिवसांनी वड्या. आई पानं उलटी घालायची, लाटण्यानं शिरा दाबायची, चिंच-गुळाचं बेसन लावायची आणि वळकटी करायची. चिंच हात राखून घातली की ओरडायची, "घसा खाजंल लोकांचा!" शेजारच्या तीन घरी वड्या जायला लागल्या आणि आई त्या मजल्यावर सगळ्यांची आजी झाली.

हे सगळं गोडच झालं असं मात्र नाही. बायकोच्या ओट्यावर दुसरी सत्ता आली. डाळीच्या पिठाचे हात सगळ्या डब्यांना लागले. दोघींची धुसफूस मी कानांनी ऐकली आणि पेपरात तोंड घालून बसलो, हेही सांगायला हवं. मग एका सकाळी ओल्या बाल्कनीत आईचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. माझ्या तोंडावर तेच जुनं वाक्य आलं होतं, "आता गुपचूप बस." दवाखान्यातून येताना रिक्षात मी ते कसंबसं गिळलं. देऊ द्यायचं म्हटलं तर त्याला किंमत पडते. झाड पिंपात लावलं की बाल्कनी चिखलाची होते, माणसाला मोकळं सोडलं की कधी कधी पडतं. शोभेची वस्तू कधी पडत नाही, हे खरं आहे. मी बाल्कनीत खरबरीत चटई टाकली आणि कठडा बसवून घेतला. प्लास्टरच्या त्या दिवसांत वड्या बायकोनं केल्या आणि आई स्टुलावर बसून तिला शिकवत होती. त्यांची धुसफूस तिथंच कमी झाली, हे मी आखलेलं नव्हतं.

कीर्तनात देहाला अळवावरचं पाणी म्हणतात. थेंब पानावर थरथरतो, ओघळतो, मागं ओलसुद्धा राहत नाही. लहानपणी ते ऐकून मला भीती वाटायची. आईला एकदा हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "पानावनं गेलं तर जाईना का. खाली गड्ड्यालाच मिळतंय की."

आता आई सत्त्याहत्तरची आहे. ओट्याशी उभं राहवत नाही. बराच वेळ पडून असते. वड्या आम्ही करतो, पण उकडलेली पहिली वडी तिच्याकडं नेतो. ती चव बघते आणि मीठ, चिंच, तिखट यांतलं काहीतरी एक हमखास कमी काढते. खरंच कमी असतं का, हे मी तपासायला जात नाही. पाखऱ्याही बांधावर उभा राहून नेमकं काय करत होता, हे आबांनी कधी तपासलं नव्हतं.

यंदा पिंप उकरला तर गड्ड्याच्या भोवती चौदा अळकुड्या निघाल्या. काही शेजारी दिल्या. लेक आता बंगळुरूला नोकरी करते, ती सुट्टीला आली होती. जाताना तिनं आजीसारखीच ओल्या फडक्यात एक अळकुडी गुंडाळली आणि आजीच्या पलंगावर बसून विचारलं, "आज्जी, माझं घर अगदीच लहान आहे गं. कुठं ठेवू हिला? खिडकीत?"

आई म्हणाली, "तुजं पाणी जितं सांडतं, तितं लाव."